मी म्हणजे कोण

रविवार, ११ जून

टिटवे,

आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत.

तुझा नंबर लागत नाही. एक बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सुनावते आणि कट करते. पत्ता मावशीने दिला. तिला तो कुणी दिला ते मात्र सांगेना. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि हा एवढा भिजला म्हणजे तूच शपथ घातली असणार. असो. भांडायला लिहीत नाही. काम आहे.

सिनेगॉगच्या मागच्या खोलीत मुलांचा रविवारचा वर्ग अजून भरतो आणि तो मीच घेते. हो, मीच. आठवडाभर दुकानात लोकांच्या पॅंटी आखूड करायच्या आणि रविवारी मुलांना हिब्रू गाणी शिकवायची. माझा आवाज तुला माहीत आहे. गळा होता ती गेली, आणि घसा राहिला तिच्या गळ्यात वर्ग पडला. मुलं चार. घड्याळजींची जुळी, डॉक्टरीणबाईंची मुलगी, आणि सिनेगॉगच्या सेक्रेटरींचा नातू. त्याला सगळे गोटी म्हणतात, कारण जिथे ठेवाल तिथून तो घरंगळतो.

तर वरच्या मंडळाकडून हुकूम आलाय. येत्या वर्षी मुलांना शिकवायची सात गाणी निवडा. परदेशातून एक मास्तर येऊन ती ऐकतील. त्यांना पसंत पडलं तर वर्ग चालू राहील, नाहीतर मुलं आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसून शिकतील आणि शिकवणारा कुठल्या तरी तिसऱ्याच गावात बसेल. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकून होते, आता बघायला मिळेल.

सहा गाणी ठरली. निवडायची पद्धत ऐकलीस तर हसशील. आबांच्या पेटीतली एक पट्टी दाबलेलीच राहते, मग तो सूर कण्हत बसतो. तेव्हा ज्या गाण्यांत तो सूर शोभतो ती गाणी पास. बाकीची कितीही चांगली असोत, नापास. शिवाय सरावात देवाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून त्या जागी दुसरा शब्द घालायचा. तर ज्या गाण्यांत ते नाव ओळीओळीला येतं तीही बाद, कारण गोटीला सराव कुठला आणि प्रार्थना कुठली हे कधीच कळत नाही.

सातवं मला आबांचं हजेरीचं गाणं घ्यायचंय. ‘योम रिशोन, मी पो?’ रविवार आहे, कोण आलंय इथे? तेवढंच सांग, त्याची मधली ओळ वर जाते की खाली? मी खाली नेते, कारण वर माझं चालत नाही, आणि पोरंही बिचारी माझ्यामागून खाली उतरतात. पण मला आठवतं ते असं नव्हे. ते गाणं आबांनी केलेलं, दुसरीकडे कुठे मिळणार नाही. तुझ्याकडेच आहे. नुसतं गुणगुणून पाठव. तिकडे ह्याची सोय असेलच.

आबा बरे आहेत. वयाच्या मानाने छान. तुझी आठवण काढत नाहीत, तेव्हा ती काळजी करू नकोस.

ताई


सोमवार, ३ जुलै

टिटवे,

पत्र पोचलं असणार. पोस्टाने परत आणलं नाही, म्हणजे तू घेतलंस. तेवढ्यावरही मी दोन दिवस खूश होते, काय सांगू.

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? मधल्या ओळीसाठी मी लिहिलं नव्हतं. म्हणजे ती हवीच आहे, पण तेवढ्यासाठी नाही. आबा बरे नाहीत. गेल्या थंडीपासून खाटेवर आहेत. मला ‘बाई’ म्हणतात. बाई, पाणी द्या. बाई, तुमचे घरचे वाट बघत असतील, जा आता. जन्मभर ह्या दोन खोल्यांत त्यांच्यामागे काढला आणि आता मी कामाला आलेली बाई. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

आणि दिवसभर ते हजेरी घेतात. मान उचलतात, भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, “मी पो?” मग थांबतात. कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून थांबतात.

हे गाणं कसं सुरू झालं ते तुला आठवतं का? तू पाच वर्षांची असशील. पेटीच्या स्टुलाखाली बसून पायांच्या बोटांशी खेळत होतीस. आबांनी पहिल्यांदाच म्हटलं, “मी पो?” हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. आम्हा मोठ्या मुलांना ते शिकवलेलं होतं आणि ‘अनी’, म्हणजे आपलं ‘मी’, असं उत्तर द्यायचं, तेही शिकवलं होतं. तुला कुठलं ठाऊक! तू आपल्या भाषेतलं ऐकलंस आणि स्टुलाखालून उसळलीस, “मी! मी! मी!” डोकं आपटलं, तरी ओरडतच होतीस. टिटवी हे नाव त्या दिवसाचं. सगळे हसले. मी नीट, शुद्ध ‘अनी’ म्हटलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कानामागून आलीस आणि तिखट झालीस, ती तेव्हापासून.

पण आबा काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, “बरोबर आहे तिचं. कोण विचारलं की मी म्हणायचं.” आणि पुढच्या रविवारपासून सगळ्या वर्गाला त्यांनी तेच उत्तर शिकवलं. हिब्रूत बघायला गेलं तर वेडेपणा. कोण आहे इथे, तर म्हणे कोण! पण आबा सिनेगॉगचे हजान, अख्खी प्रार्थना पुढे उभं राहून म्हणणारे, एक मात्रा चुकली तर मागे फिरून पहिल्यापासून सुरू करणारे. त्या माणसाने तुझी एक चूक मुद्दाम ठेवली, आणि नंतरच्या सगळ्या पोरांच्या तोंडी घातली.

ज्यावरून तू घर सोडलंस ते माडीवरचं मी विसरलेले नाही. आबांचा घसा बसला होता, खाली सगळे नुसते खाकरत होते, आणि बायकांच्या माडीवरून तू ओळ उचललीस. मी तुझ्या शेजारी उभी होते. अंगावर काटा आला होता माझ्या. आबांनी मान वर करून सगळ्यांदेखत म्हटलं, “खाली बस.” बायकांचा आवाज तिथे चालत नाही हा नियम त्यांनी केलेला नव्हता. पण ‘खाली बस’ हे त्यांनीच म्हटलं, तेही खरं. त्यांची वकिली मी करत नाही.

आता ते “मी पो?” विचारतात तेव्हा मी म्हणते, “मी!” ते कान देऊन ऐकतात. नीट ऐकतात. मग मान हलवतात. “ही नव्हे.” आणि पुन्हा विचारतात.

माझा नंबर पाकिटाच्या मागे मोठा लिहिलाय. फोन कर. माफी मागू नकोस, देऊही नकोस. कशी आहेस, काय जेवलीस, काहीही बोलू नकोस. मी फोन त्यांच्या कानाशी धरीन. तू ‘मी’ म्हण आणि ठेवून दे. एक अक्षर आहे गं.

ताई


सोमवार, ३१ जुलै

टिटवे,

फोन खिशात घेऊन फिरते. दुकानात मालक म्हणाला, ह्या वयात कुणाचा यायचाय? मी म्हटलं, यमाचा, पण तो आधी तुमचा नंबर फिरवतोय. त्यानंतर तो गप्प आहे. फोनही गप्पच आहे.

काल मास्तर येऊन गेले. खोली मी शनिवारी संध्याकाळी शब्बाथचा विसावा सुटल्यावर झाडली. सतरंजीचा जळका कोपरा कपाटाखाली सरकवला. पेटीच्या त्या पट्टीखाली आगकाडी खोचली, म्हणजे निदान पाहुण्यांसमोर कण्हणार नाही. मास्तर तरुण निघाले. इतके चांगले की राग धरायला जागा नाही. खाली मुलांमध्ये मांडी घालून बसले. मी सेक्रेटरींना म्हटलं, आबांची पेटी आहे, जपून. तर मास्तर एकदम खुलले. त्यांच्याकडेही बापाला आबाच म्हणतात. तेवढा एक शब्द दोन्हीकडे सारखा. मला वाटलं, चला, जमलं.

सहा गाणी झाली. प्रलयातल्या तारवाच्या गाण्यात गोटी सगळे प्राणी स्वतःच झाला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सातवं धरलं. “योम रिशोन, मी पो?” आणि चौघेही जीव खाऊन ओरडले, “मी!”

मास्तरांनी हात वर केला. हसले, पण हिणवून नाही. मुलांना म्हणाले, सेक्रेटरींनी उल्था करून सांगितलं ते असं: “तुम्ही ‘कोण’ ह्या प्रश्नाला ‘कोण’ असं उत्तर देताय. ‘अनी’ म्हणा.” आणि टिटवे, पोरं लगेच शिकली. एरवी पालथ्या घड्यावर पाणी. आठवडा आठवडा एक ओळ बसत नाही. कालच नेमके चारही घडे सुलटे निघाले. “अनी!” डॉक्टरीणबाईंच्या मुलीने तर असं गोड म्हटलं की सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, ही चूक नाही, म्हणजे चूकच आहे, पण ठेवलेली आहे. माझ्या बहिणीची आहे. मी बरंच बोलले. सेक्रेटरींनी त्याचं भाषांतर दोन शब्दांत केलं. मास्तर मायेने माझ्याकडे बघून म्हणाले, गाणं सुंदर आहे, जरूर ठेवा, फक्त उत्तर बदला.

मग गाणंच नको, असं मी म्हटलं.

सेक्रेटरी बाहेर येऊन माझ्यावर उखडले. “अहो, एका अक्षरासाठी वर्ग घालवताय? म्हातारपणी हा काय हट्ट?” मी म्हटलं, अक्षराचीच तर गोष्ट आहे. शेवटी सातवं म्हणून सकाळी उठायचं एक मिळमिळीत गाणं देऊन टाकलं. त्यात चूक करायलासुद्धा काही नाही.

आबा आता कमी विचारतात. सकाळी आणि एखादवेळ दुपारी. आवाज उतरलाय, पण थांबून वाट बघणं तेवढंच आहे.

ताई


मंगळवार, २२ ऑगस्ट

टिटवे,

निकाल आला. सातही गाणी पसंत. उत्तम निवड, असंही लिहिलंय. आणि वर्ग बंद. डॉक्टरीणबाई मुलीला घेऊन देश सोडून चालल्या. तीन मुलांसाठी खोली, दिवा-पंखा आणि मी, हे मंडळाला परवडत नाही. जुळी स्क्रीनवर बसतील. गोटी बसणार नाही, तो घरंगळणार. वर्ग जाईल म्हणून मी घाबरत होते, तो माझ्या हट्टामुळे गेला नाही. कशानेही गेलाच असता. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. तुझा फोन येत नाही म्हटल्यावर मी एक लबाडी करायला गेले. डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा आवाज थोडासा तुझ्यासारखा आहे, तुझ्या लहानपणच्या. तिला परवा घरी घेऊन आले. म्हटलं, आजोबा एक विचारतील, तू मोठ्याने उत्तर दे. काय उत्तर ते सांगायची गरज वाटली नाही. गाणं तिला पाठ होतं.

आबांनी बऱ्याच वेळाने मान उचलली. “मी पो?” ओठ हलले, आवाज जेमतेम. पोरगी हुशार. ताठ उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, “अनी!”

आबांनी तिच्याकडे बघितलं. म्हणाले, “शाबास.” ‘शाबास’ कसं म्हणायचे आठवतं? उत्तर बरोबर आणि सूर चुकलेला असला की म्हणायचे, तसं. आणि भिंतीकडे वळले. पोरीला मी साखर दिली हातावर, काय देणार? ती जिन्यावर मला विचारते, “बाई, चुकलं का माझं?” नाही गं बाळ. तुझं एकटीचंच बरोबर आहे.

त्यानंतर त्यांनी विचारलेलं नाही. गिळणंही थांबत आलंय. डॉक्टरीणबाई जायच्या आधी बघून गेल्या, म्हणाल्या, आता औषध बदलण्यात अर्थ नाही.

तुझा राग मला कळतो. मी तुझ्या जागी असते तर मीही केला नसता फोन, असं मी स्वतःला सांगत असते. पण मी केला असता. मी असंच करते, म्हणून तर इथे राहिले.

टिटवे, कर गं. आता त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. न विचारताच म्हण.

ताई


गुरुवार, १४ सप्टेंबर

टिटवे,

रविवारी तुझा फोन आला. मी मागच्या खोलीतून आणलेली पेटी पुसत होते. नंबर लांबलचक दिसला तेव्हाच समजले. तरी सवयीने म्हटलं, “कोण?”

तू म्हणालीस, “मी.”

तुझा आवाज जाड झालाय, पण तूच. तू म्हणालीस, “ताई, काही बोलू नकोस. तू लिहिलंस तसं कर. त्यांच्या कानाला लाव.” आणि मी उठले, खाटेपाशी गेले आणि फोन धरला.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू नुसतं एक अक्षर म्हणून ठेवशील असं मी धरून चालले होते. तू अख्खं गाणं म्हटलंस. प्रश्नही तूच विचारलास, उत्तरही तूच दिलंस. मधली ओळ वर जाते. इतकी वर जाते हे मी पार विसरले होते. सगळ्या पोरांना मी उगाच खाली नेत राहिले. शेवटी “मी, आबा, मी, मी,” म्हणत राहिलीस आणि मग रडलीस. रडून झाल्यावर विचारलंस, “ताई, ऐकलं का त्यांनी?”

मी म्हटलं, “ऐकलं.”

“काही म्हणाले?”

मी म्हटलं, “हसले.”

खोटं बोलले. आबा त्याआधीच्या बुधवारी गेले. पहाटे नाही, संध्याकाळी नाही, भर दुपारी, मी कपड्यांचे पिळे बाहेर वाळत घालत होते तेव्हा. आत आले तर झालं होतं. पोरगा नाही म्हणून त्यांच्यामागची प्रार्थना सेक्रेटरींनी म्हटली, दोन ठिकाणी चुकली. आबांनी त्यांना पहिल्यापासून सुरू करायला लावलं असतं. तुला कळवायचं तर नंबर नाही. तार करायचे दिवस गेले आणि पत्र पोचेपर्यंत सगळं आटोपलेलंच असणार, म्हणून आज लिहिते, उद्या लिहिते करत राहिले. तेवढ्यात तुझा फोन.

गादी गुंडाळून ठेवली होती. खाटेच्या नुसत्या पट्ट्या होत्या. मी फोन उशीच्या जागी धरला, कारण इतके दिवस मनात तेच घोकून ठेवलं होतं आणि हात आपोआप तिथे गेला. मग भानावर येऊन सांगायला तोंड उघडलं, तर तू गायला लागली होतीस. थांबवायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. मी थांबवलं नाही. तुझा आवाज मी माडीवर शेवटचा ऐकला होता, आणि तेव्हा तो आबांनी मध्येच तोडला होता. मला पूर्ण ऐकायचा होता, म्हणून थांबवलं नाही. मग तुझ्या प्रश्नाला काय उत्तर देणार? तुला जे हवं होतं ते दिलं.

हे सांगितलंच नसतं. तू सुखात राहिली असतीस, मीही हळूहळू ते खरं धरलं असतं. पण ठेवता ठेवता तू म्हणालीस, “महिनाअखेरीस पुन्हा करते. त्यांना सांग.” रिकाम्या खाटेवर मी किती महिने फोन धरू?

खोलीची किल्ली परत दिली. तिथे आता मंडळ खुर्च्या ठेवणार आहे. पेटी घरी आणली, आगकाडी काढून टाकली, ती पट्टी पुन्हा कण्हते. डॉक्टरीणबाई गेल्या. घड्याळजींची जुळी परवा रस्त्यात भेटली. मी गमतीने म्हटलं, “मी पो?” दोघंही एका सुरात म्हणाली, “अनी!” आपलं उत्तर आता कुणाकडेच नाही, तुझ्यामाझ्याशिवाय.

हे वाचून तू फोन करणार नाहीस, हे मला समजतं. ह्या वेळी राग धरायला तुझ्याकडे खरंच कारण आहे, आणि ते आबांचं नाही, माझं आहे. धर. फक्त एवढं मनातून काढून टाक की तू कुणासाठीच गायली नाहीस. खाटेवर कुणी नव्हतं, पण खोलीत होतं. इथे कोण ऐकत होतं, असं कधी विचारावंसं वाटलं, तर, मी.

ताई